विविध खर्च

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. मध्य प्रदेश शासनाच्या स्थानिक निधी संपरीक्षा खात्यात होतो. म्हणजे आज सीहोरची नगरपालिका, उद्या रायसेनची, एस.टी.तून उतरायचं, चहा पाजणाऱ्याकडे संशयाने बघायचं आणि हिरव्या शाईने खुणा करत बसायचं. माझा एक लाडका आक्षेप होता. खर्चाच्या बाजूला कुणी ‘विविध’ असं लिहिलं की मी पेन खाली ठेवायचो. “विविध म्हणजे काय? चहा की चुना?” एका बिचाऱ्या बाबूला मी एकशे चाळीस रुपयांच्या ‘विविध’साठी दिवेलागणीपर्यंत बसवून ठेवलं होतं. तो आज भेटला तर भोपाळच्या न्यू मार्केटमधल्या इंडियन कॉफी हाउसमध्ये नेऊन त्याची माफी मागेन.

निवृत्तीनंतर आमच्या घरात दोन मोठी आजारपणं झाली. २०२३च्या पावसाळ्यात माझी अँजिओप्लास्टी झाली आणि २०२५च्या जानेवारीत आईचं खुब्याचं हाड मोडलं. दोन्ही वेळा बिल हातात आलं, दोन्ही वेळा त्यात ती जुनी ओळख असलेली ओळ होती, आणि दोन्ही वेळा मी मुकाट्याने सही केली. त्या सह्यांच्या आसपास जे कळलं ते इथे मांडतो आहे. काही गोष्टी अजून कळलेल्या नाहीत, त्याही आहेत.

१. भाव विचारायची मला लाज वाटते, हे मला साठी उलटल्यावर कळलं. बिट्टन मार्केटच्या बाजारात मेथीच्या जुडीमागे दोन रुपये सोडवून घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही. भाजीवाले मला ओळखतात आणि मी दिसलो की भाव आधीच दोन रुपयांनी वाढवून ठेवतात. तोच मी इस्पितळाच्या खिडकीशी उभा राहिलो आणि तोंडातून शब्द फुटेना. कसंबसं विचारलं, “कितना लगेगा?” आतला मुलगा अदबीने म्हणाला, “सर, पहले पेशंट को देखिए.” त्याच्या आवाजात काही वाईट नव्हतं. तरी मला वाटलं, रांगेतल्या सगळ्यांना कळलं की हा माणूस आईच्या हाडाचा भाव करतोय. आपल्याकडे पैशाची चौकशी करणं म्हणजे माया कमी असल्याची कबुली. केनेथ ॲरो नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच लिहून ठेवलं आहे की आरोग्याचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, कारण आजार कधी येईल ते कुणाला ठाऊक नसतं आणि इलाजाबद्दल विकणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. पुढे त्याला नोबेल मिळालं. त्या लेखात लाजेचा हिशेब आहे की नाही कोण जाणे. तो बहुधा आमच्यासारख्या घरात वाढला नसावा.

२. निवडणारा एक, वापरणारा दुसरा आणि पैसे देणारा तिसरा असला, की काटकसर नेमकी कुणी करायची हे ठरत नाही. माझ्या वेळी स्टेंट डॉक्टरांनी निवडला, बसला माझ्या छातीत आणि पैसे (म्हणजे मला तेव्हा वाटलं तसं) विमा कंपनी देणार होती. मला एवढं माहीत होतं की २०१७च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली होती आणि औषधाचा लेप असलेला स्टेंट, जो आधी लाखाच्या वर जायचा, तो तीस हजारांच्या आत आणला होता. हे वाचलेलं असल्यामुळे मी जरा ताठ मानेने गेलो. बिलात स्टेंट खरोखर बांधलेल्या भावातच होता. बाकीच्या ओळींना मात्र कुणी बांधलं नव्हतं. उशीचा एक कोपरा दाबावा आणि कापूस दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसावा, तसे कॅथेटर, बलून, गाइडवायर, हातमोजे, सिरिंजा सगळे टम्म फुगून बसले होते. याच प्राधिकरणाने २०१८ साली दिल्ली परिसरातल्या चार खासगी इस्पितळांची बिलं तपासली होती, तेव्हा काही वस्तूंवर १,७०० टक्क्यांहून जास्त नफा घेतलेला दिसला होता. मी हा आकडा वाचला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हे, की त्या तपासणीच्या टेबलाशी आपण असायला हवं होतं. दुसऱ्यांदा आलं ते, की आपण एका टेबलाशी होतोच, आणि तिथे नुसती सही केली.

३. खोलीतून तळं दिसावं असा हट्ट धरू नये. निदान विम्याचे कागद वाचल्याशिवाय धरू नये. माझी पॉलिसी तीन लाखांची, पन्नाशीत घेतलेली. त्यात खोलीच्या भाड्याची मर्यादा विम्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. इस्पितळात विचारलं, “कौन सा रूम दें?” माझ्या डोळ्यांपुढे भेटायला येणारे व्याही आले. सेमी-प्रायव्हेटमध्ये पडद्यापलीकडे दुसरा रुग्ण खोकतोय आणि इकडे व्याही स्टुलावर अवघडून बसलेत, हे मला सहन होईना. शिवाय प्रायव्हेट खोलीच्या खिडकीतून बड्या तळ्याची एक चकचकीत पट्टी दिसत होती. भाडं सहा हजार. मी मनात गणित केलं: तीन दिवस, रोजचे तीन हजार वरचे, एकूण नऊ हजार खिशातून. होऊ देत.

इथे माझी चौतीस वर्षांची नोकरी वाया गेली. मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली की विमा कंपनी नुसतं भाडंच अर्धं करत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे पैसे, नर्सिंग अशा खोलीशी जोडलेल्या सगळ्या खर्चाला त्याच प्रमाणात कात्री लावते. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. औषधं आणि स्टेंट त्यातून वाचतात, एवढीच मेहेरबानी. आणि यामागे कारणही आहे, हे मला नंतर कळलं, म्हणून राग नीट काढताही आला नाही. बऱ्याच इस्पितळांत खोलीच्या दर्जाप्रमाणे बाकीचे दरही चढतात. तोच सर्जन, तीच सुरी, तेच बारा नंबरचं टेबल, पण रुग्ण वरच्या मजल्यावरून खाली आणला असेल तर फी वेगळी. माझे नऊ हजार भाड्याचे गेले आणि आणखी एक्कावन्न हजार बाकीचे. व्याही आले नाहीत. त्यांनी फोन केला. तळ्याची ती पट्टी मला साठ हजारांना पडली, आणि तीन दिवस पाऊस असल्यामुळे ती नीट दिसलीही नाही.

४. वडिलांच्या कपाटात ‘सार्थ वाग्भट’ होता. आजारपणात पडल्या पडल्या चाळला. चांगल्या रोग्याचे चार गुण त्यात सांगितले आहेत. तो वैद्याचं ऐकणारा असावा, आपलं दुखणं नीट सांगणारा असावा, धीराचा असावा. हे तीन मी सांगितले. पण वाग्भटाने चारही गुणांत पहिलं स्थान दिलं आहे ते ‘आढ्य’ या गुणाला. आढ्य म्हणजे पैसेवाला. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने इतकं सरळ लिहावं! मला उगीच वाटत होतं की हे सगळं कॉर्पोरेट इस्पितळं आल्यावर सुरू झालं. ‘गरज सरो नि वैद्य मरो’ ही म्हणही मला त्यानंतर निराळी दिसायला लागली. ती ज्या काळात जन्मली त्या काळात वैद्याची फी नंतर द्यायची पद्धत असणार. आता गरज सरायच्या आधीच पन्नास हजार डिपॉझिट भरावं लागतं; वैद्य सुखात जगतो.

५. मोठ्या आजारापेक्षा बारका, चिवट, रोजचा आजार जास्त पैसे खातो, आणि त्याची आपण कुठे नोंदसुद्धा करत नाही. मेडिक्लेम साधारणपणे चोवीस तास दाखल झाल्यावर जागा होतो. आमच्या घरात मात्र खरा खर्च इस्पितळाबाहेर होतो. माझ्या रक्तदाबाच्या, रक्त पातळ ठेवायच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, हिची थायरॉइडची, आईची कॅल्शियमपासून डोळ्यांच्या थेंबांपर्यंतची पिशवी. हे सगळं आपल्या खिशातून. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४ टक्क्यांच्या वर होता आणि २०२१-२२पर्यंत तो ३९.४ टक्क्यांवर आला, असं राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. मी सरकारी आकड्यांत आयुष्य काढलेला माणूस. त्यांना उगाच नावं ठेवणार नाही. पण हा वाटा उतरल्याचं माझ्या खिशाला कुणी कळवलेलं दिसत नाही.

यात माझा स्वतःचा मूर्खपणाही मिसळलेला आहे. जनऔषधीची योजना २००८ सालापासून आहे. आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर तिचं दुकान आहे, आणि त्याच्यासमोरून मी रोज फिरायला जातो. कधी आत गेलो नाही. स्वस्त गोळी म्हणजे कमअस्सल गोळी, असं माझ्या डोक्यात कुठेतरी खिळ्याने ठोकलेलं होतं. मेथीच्या जुडीला दोन रुपये जास्त द्यायला तयार नसलेला मी, त्याच रसायनाला नुसत्या नावासाठी चौपट-पाचपट देत होतो. शेवटी ही एक दिवस माझं प्रिस्क्रिप्शन घेऊन परस्पर तिथे गेली, गोळ्या आणल्या आणि जुन्या डबीत भरून ठेवल्या. मी महिनाभर त्या घेतल्या. रक्तदाब तोच राहिला. मग तिने पावती दाखवली. त्यानंतर थोडा वाढला.

२०२५च्या सप्टेंबरात वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी सरकारने काढून टाकला. मी आनंदाने नूतनीकरणाची वाट बघत बसलो. कागद आला तेव्हा माझा वयोगट बदललेला होता. कर गेला होता, आणि त्याच्या जागेवर माझं वय येऊन बसलं होतं.

६. आता ती गोष्ट, जी सांगायला मला सगळ्यात जड जातं. माझ्या गर्वाची किंमत आईच्या ऑपरेशनाएवढी निघाली. २०२४च्या ऑक्टोबरअखेर आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना खुली झाली. उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, आणि त्यासाठी ‘वय वंदना’ नावाचं कार्ड. आमच्या कॉलनीत एका रविवारी देवळापाशी टेबल टाकून मुलं बसली होती. आधार आणा, मोबाइल आणा, अर्ध्या तासात कार्ड. ही म्हणाली, आईंचं करून घ्या. मी म्हणालो, “अगं, ते गरिबांसाठी असतं. आपण रांगेत उभं राहून कुणाचा हक्क घ्यायचा?” बोलणं किती उदात्त! खरं कारण असं की, त्या रांगेत आमच्याकडे धुणी धुवायला येणाऱ्या बाईची सासू उभी होती, आणि तिच्या मागे उभं राहायचं मला जिवावर आलं.

अडीच महिन्यांनी, जानेवारीच्या थंडीत, रात्री दोन वाजता आई न्हाणीघरात पडली. खुबा. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाचं हे ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हायला हवं, नाहीतर अंथरुणावर पडून दुसरीच दुखणी सुरू होतात, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि ते खरंच होतं. जवळात जवळ जे इस्पितळ होतं तिथे नेलं. ते योजनेत नव्हतं. हलवायचं म्हटलं तर आईचा चेहरा बघवेना. बॉल बदलला, सहा दिवस ठेवलं, पैसे माझ्या मुदतठेवीतून गेले. मुलगा बंगळुरूहून म्हणाला, “बाबा, पैशाचं बघू नका.” ज्याने बघायचं असतं त्याला हेच नेमकं सांगतात.

त्याच महिन्यात समोरच्या इमारतीतल्या निवृत्त मास्तरांचं तेच हाड मोडलं. त्यांनी रांगेत उभं राहून कार्ड काढलं होतं. योजनेतल्या इस्पितळात ऑपरेशन झालं. पैसे लागले नाहीत असं नाही. जाण्यायेण्याचे, बाहेरून आणलेल्या एकदोन गोष्टींचे लागले. काठी टेकत ते आईला भेटायला आले, आणि दोघं आपापल्या टाक्यांची तुलना करत बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच चहा ढवळत राहिलो. आईचं कार्ड आता काढलं आहे. धुणीवाल्या बाईच्या सासूने मला सांगितलं की अंगठा नीट उमटत नसेल तर चेहऱ्यावरूनही होतं.

७. फुकट इलाजालाही किंमत असते, ती दिवसांत मोजायची. आईच्या पुढच्या तपासणीसाठी आम्ही साकेत नगरच्या एम्समध्ये गेलो. २०१२मध्ये देशात ज्या सहा ठिकाणी नवी एम्स सुरू झाली त्यात भोपाळ होतं, आणि आम्हा भोपाळकरांना त्याचा अभिमान आहे, जोवर आपल्याला जायची वेळ येत नाही तोवर. डॉक्टर उत्तम. कुणी काही विकायचा प्रयत्न केला नाही, ही भावनाच इतकी अनोळखी होती की मला आधी संशय आला. पण पर्चीची रांग, क्ष-किरणाची रांग, दाखवायची रांग, यात सकाळचे सात ते दुपारचे तीन गेले. शेजारी बसलेला माणूस विदिशाकडच्या खेड्यातून आदल्या रात्रीच आला होता आणि बाहेर झोपला होता. त्याची दोन दिवसांची मजुरी बुडाली होती. मी पेन्शनर; माझ्या दिवसाला भाव नाही, म्हणून मला ते इस्पितळ खरोखर स्वस्त पडलं. त्याला किती पडलं ते मी विचारलं नाही. त्याने मला अर्धी जागा देऊन आईचा वॉकर टेकवायला मदत केली.

८. इलाज महाग का होतो याचं एक उत्तर मला फिजिओथेरपीच्या खोलीत सापडलं. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोघांनी १९६६ साली एक साधी गोष्ट मांडली होती: कारखान्यात यंत्रं आली की एक माणूस दहापट माल काढतो, पण चार वादकांनी वाजवायच्या रचनेला शंभर वर्षांपूर्वी जितके वादक आणि जितका वेळ लागायचा तितकाच आजही लागतो. वादकांचा पगार मात्र जगाबरोबर वाढावा लागतो. आमच्या भजनी मंडळालाही हे लागू आहे. हरिपाठ दुप्पट वेगाने म्हणून मंडळाची उत्पादकता वाढत नाही. फिजिओथेरपीवाली मुलगी आईचा पाय हळूहळू उचलायची, दहापर्यंत मोजायची, ठेवायची. यात घाई नाही, यंत्र नाही. एका पायाला एक माणूस, पाऊण तास.

हे सगळं मी हिला मोठ्या उत्साहाने समजावलं. ती आईची चादर बदलत होती. म्हणाली, “आणि ज्याला पगारच नाही, त्याचा तुमच्या बॉमोलकडे काय हिशेब आहे?” त्या सहा महिन्यांत ती रात्री चार वेळा उठत होती. मी खर्चाची जी वही ठेवली होती तिच्यात पट्ट्या, डायपर, पेट्रोल, नारळपाणी सगळं होतं. तिच्या नावाची ओळ नव्हती. मी ती लिहायला बसलोही, पण दर काय लावायचा ते ठरेना, आणि तिला विचारायचं धैर्य झालं नाही.

९. या शहरात राहून मी एवढी वर्षं काय बघत होतो, हे मला एका दीदीने शिकवलं. ती दिवसा आईला सांभाळायला यायची. राहायला जे. पी. नगर, म्हणजे युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्याच्या थेट समोर. १९८४च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री, तिथून विषारी वायू गळला तेव्हा, ती चार वर्षांची होती. आम्ही टी. टी. नगरमध्ये होतो. वारा आमच्या बाजूला नव्हता. शहरातले छप्पन्नपैकी छत्तीस वॉर्ड गॅसग्रस्त ठरले, आमचा त्यात नव्हता. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नोकरी शोधत असलेला. सकाळी हमीदिया इस्पितळापाशी जे दिसलं ते मी कधी कुणाला नीट सांगितलेलं नाही; इथेही सांगत नाही.

दीदीला इस्पितळांची अर्थव्यवस्था माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळते. कुठल्या गॅस राहत इस्पितळात कुठली औषधं मिळतात, कुठली बाहेरून आणावी लागतात, भोपाळ मेमोरियलमध्ये कुठल्या विभागाचा डॉक्टर सोडून गेला आणि अजून आला नाही, सगळं पाठ. भोपाळ मेमोरियल उभं राहिलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने, युनियन कार्बाइडने आपल्या भारतीय कंपनीतला हिस्सा १९९४ साली विकला त्या पैशातून. दीदीची आई मात्र छातीसाठी संभावना क्लिनिकमध्ये जायची. १९९६ पासून लोकांच्या देणग्यांवर चालणारी ही जागा गॅसपीडितांना फुकट तपासते, ॲलोपॅथीबरोबर आयुर्वेद आणि योगही देते. “वहाँ बात सुनते हैं,” एवढंच दीदी म्हणाली. माझ्या बिलात ‘बात सुनना’ अशी ओळ असती, तर मी ती विनातक्रार भरली असती.

१९८९ साली कंपनी आणि सरकार यांच्यात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. बहुतेक पीडितांच्या वाट्याला आले २५,००० रुपये. पुढे व्याजातून तेवढेच आणखी. दीदीच्या आईलाही तसेच मिळाले. मी हिशेबनीस, माझी बोटं आपोआप चालायला लागली: पन्नास हजार भागिले चाळीस वर्षं, म्हणजे साधारण १४,६०० दिवस. दिवसाला साडेतीन रुपयांच्या आत. मी तो आकडा मोठ्याने म्हटला आणि लगेच जीभ चावली. दीदी आईचे केस विंचरत होती. “हाँ भैया,” ती म्हणाली, “और दम्मे का पंप कितने का आता है, वो भी जोड़ लो.” मी जोडला नाही. माझ्या साठ हजारांच्या तळ्याच्या पट्टीबद्दल तिला अजून सांगितलेलं नाही.

१०. आईपासून काही लपवलेलं पचत नाही. ती लग्न होऊन भोपाळला आल्यापासून खर्चाची वही लिहिते. ट्रंकेत सगळ्या आहेत. आजारपणात तिने त्या खाली काढायला लावल्या आणि दीदीला वाचून दाखवत बसली. डॉक्टरांची फी दोन रुपये, मिक्सचर बारा आणे, बाटली घरची. दीदीला ती बाटलीवरची कागदी, खाचा पाडलेली डोसाची पट्टी समजावून सांगत होती. १९८४ची वही उघडली तेव्हा दोघी जरा थांबल्या. ३ डिसेंबरला आईने ‘दूध नाही’ एवढंच लिहिलं आहे. मधले दिवस चालू आहेत. मग कारखान्यात उरलेला वायू संपवणार अशी बातमी आली, अर्धं शहर पुन्हा पळालं आणि आम्हीही नागपूरला मामाकडे गेलो. १३ डिसेंबरपासून पंधरा दिवस पानं कोरी. “परत आल्यावर मागचं लिहून काढायचं राहिलं,” आई म्हणाली, जणू वाण्याचं देणं राहिलं असावं.

मार्चमध्ये ती वॉकरने टेबलापर्यंत यायला लागली. पहिल्या दिवशी बसली, चष्मा पुसला आणि विचारलं, “किती झालं?” मी आधीच ठरवून ठेवलेला आकडा सांगितला. खऱ्याच्या निम्मा. तिने तो ‘औषधपाणी’च्या रकान्यात लिहिलाही. मग पेन्सिल खाली न ठेवता म्हणाली, “पावती दाखव.”

मी म्हणालो, असेल कुठेतरी. ती म्हणाली, मी थांबते. दीदी समोर बसून हसत होती. शेवटी चौदा पानांचं बिल आणून दिलं. भिंग घेऊन ती एकेक ओळ वाचायला लागली. बोट प्रत्येक ओळीवर टेकवून, मी सीहोरला करायचो तसंच. बेरजेपाशी आल्यावर माझ्याकडे एकदा बघितलं, वहीतला आकडा खोडला, खरा लिहिला. तो रकान्यात मावला नाही, शेजारच्या किराण्यात गेला. मला वाटलं, संपलं. पण ती पानं मागे उलटत पुन्हा अकराव्या पानावर आली.

“हे इंग्रजीत ‘मिसलेनियस’ लिहिलंय,” आई म्हणाली. “चार हजार दोनशे. म्हणजे काय रे?”

मी दीदीकडे बघितलं. दीदी खिडकीबाहेर बघत होती.